न पाहिलेला पाव तास

बाळांनो, गोष्ट ऐकण्याआधी एक करून बघा. फक्त डावा डोळा मिटा. उघडा. आता फक्त उजवा. जमलं? बहुतेकांचा एक मिटताना दुसराही थोडा लवतो, गाल वर चढतो, तोंड वाकडं होतं. लाजू नका, सगळ्यांचं तसंच होतं. आता माझ्याबरोबर कल्पना करा, की एका शहरात एक म्हातारा आहे आणि त्याला हे इतकं सफाईनं येतं, की समोर बसून पाहिलं तरी कळू नये. तेहेतीस वर्षं तो रोज सकाळपासून दुपारपर्यंत एका गोल खोलीत, पाठ नसलेल्या तिवईवर बसतो आणि एका देवाकडे पाहतो. डावा मिटला की उजवा उघडा, उजवा मिटला की डावा. फूल नाही, दिवा नाही, एक शब्द नाही. पाहणं हीच त्या देवाची पूजा. तुम्हीही त्याच्या शेजारी जरा टेका, पण बोलू नका आणि त्याच्या खांद्याला हात तर मुळीच लावू नका. का, ते आता सांगतो.

त्या शहरात देव पुष्कळ होते आणि ते खरे होते. त्याबद्दल कोणी शंका घेत नसे, कारण शंका घेणाऱ्याची चूल पेटत नसे. चुलीतल्या देवाला सकाळी उठून दोन शिव्या हासडाव्या लागत, आणि त्या मनापासून नसल्या तर तो नुसता धूर करून घर डोक्यावर घेई. जिन्याच्या देवासाठी तिसरी पायरी मोकळी सोडायची असे. विसरून पाय पडला तर माणूस हटकून घसरे. पुलाच्या देवाला जाता-जाता एक खोटं सांगायचं, आणि ते त्याला आवडलं तर हाताखालचा कठडा कोमट होई. लहान देवांची ही तऱ्हा. माणसं त्यांच्यावर चिडत, हसत, आणि त्यांच्याशी जुळवून घेत. पण सगळं शहर ज्याच्या जिवावर उभं होतं, तो ठावदेव. गुडघ्याएवढा उंच, राखाडी, धड दगड नाही आणि धड धूरही नाही. काचेवर श्वास सोडला की उमटतं आणि विरतं, तसं काहीतरी त्याच्या अंगावरून सतत सरकत असे. म्हणत, की फार पूर्वी या शहरात काही जागच्या जागी राहत नसे. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी परतला की त्याच्या दारामागे दुसऱ्याचंच स्वयंपाकघर निघे. गल्ल्या उठून जात. मग एका बाईनं ठावदेवाकडे नजर लावली, आणि ती पाहत होती तोवर सगळं ठाण मांडून राहिलं. तिला डुलकी लागली तेव्हा तीन गल्ल्या गेल्या, त्या आजवर आलेल्या नाहीत. तेव्हापासून चारशे वर्षं कोणी ना कोणी पाहतं आहे. त्यांना डोळेकरी म्हणत. एकाची पाळी संपायला आली, की दुसरा मागून येई, तिवईच्या अर्ध्या भागावर टेके, देवाकडे नजर लावी, आणि ती पक्की लागली की पहिल्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवी. तो हात पडेपर्यंत पहिल्यानं मान वळवायची नाही. हात हीच खूण. म्हणून म्हटलं, खांद्याला हात लावू नका.

त्या दिवशीही दुपारी हात पडला. नेहमीसारखाच पडला: आधी बोटं, मग तळवा, मग किंचित भार, आणि सदऱ्यातून आत झिरपणारी ऊब. म्हातारा अलगद सरकून उठला, मागे न पाहता दाराबाहेर आला, हौदावर गेला, डोळ्यांवर पाणी मारलं, ओल्या कापडाची घडी दोन्ही डोळ्यांवर दाबून धरली. घडी काढली तेव्हा जग नेहमीसारखं थोडं हिरवट दिसलं. बाकावर बसून त्यानं जोडे घातले. डाव्या जोड्याची नाडी तुटली होती, तिला गाठ मारली. गाठ छिद्रातून जाईना, म्हणून ओढून काढून पुन्हा मारली. मग पाण्याचं भांडं तोंडाला लावलं, आणि तेवढ्यात त्याच्या पुढच्या पाळीचा माणूस पायऱ्या चढून धापा टाकत वर आला. हा माणूस कधीच वेळेवर येत नसे, म्हणून सगळे त्याला घड्याळ म्हणत. सदऱ्याची गुंडी वरची खाली आणि खालची वर. यायच्या आधीच त्याचं सुरू झालं होतं, की आज पुलाच्या देवालासुद्धा खोटं सांगायला थांबलो नाही, खरंच सांगतो, घराचं कुलूपच उघडेना. बोलता-बोलता तो थांबला. त्यानं म्हाताऱ्याकडे पाहिलं, त्याच्या पायांतल्या जोड्यांकडे पाहिलं, हातातल्या भांड्याकडे पाहिलं. मग गोल खोलीच्या दाराकडे.

"आत कोण आहे?" घड्याळ म्हणाला.

 म्हातारा आपल्या उजव्या खांद्याकडे पाहत होता. घड्याळ जोड्यांसकट आत धावला, आणि नंतर काहीच ऐकू आलं नाही. मग म्हातारा दाराशी गेला. तिवईवर घड्याळची पाठ होती, मानेवर घाम होता. त्याच्या पलीकडे ठावदेव होता. त्याच्या अंगावरून ते राखाडी काहीतरी उमटत होतं आणि विरत होतं, सकाळी जसं उमटत आणि विरत होतं तसंच. हौदावरच्या भिंतीत घड्याळ होतं, खरं, काट्यांचं. ते सांगत होतं, की तो उठल्याला पाव तास झाला.

घरी जाताना तो भिंतीला धरून चालला. पहिल्या वळणावर किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान होतं. ते असेल का, असं मनात येऊन त्यानं वळणाआधी क्षणभर पाय अडवला. दुकान होतं. किल्लीवाला कानस चालवत होता आणि लोखंडाचा तोच आंबट वास रस्त्यावर आला होता. पुढे शिंप्याची गल्ली, तिच्या तोंडाशी फुटकी कुंडी, होती. मग न्हाव्याचा आरसा, मग उतार, मग पिवळी भिंत, तिच्यावर कोणीतरी कोळशानं काढलेला पाच पायांचा घोडा. सगळं होतं. एका बाईनं आपलं दार उघडलं आणि दारामागे तिचंच घर होतं, तिचंच रडणारं पोर तिच्याकडे रांगत आलं. ज्या-ज्या ठिकाणी काही हललं असेल म्हणून त्याचा जीव वर येई, त्या-त्या ठिकाणी काही हललेलं नसे, आणि जीव खाली जाण्याऐवजी आणखी वर चढे. शहर कोसळलं असतं तर तो गुन्हेगार ठरला असता, ते त्याला कळण्यासारखं होतं. गुन्हेगाराला निदान आपण काय मोडलं ते दाखवता येतं. इथे काही मोडलं नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं आणि त्या जागच्या जागी असण्याकडे पाहवत नव्हतं. घराच्या जिन्याशी तो पोचला. दोन पायऱ्या चढला आणि तिसरीवर त्यानं मुद्दाम, पूर्ण भार देऊन पाय ठेवला. घसरला, नडगी सोलून निघाली. त्याच पायरीवर तो बसून राहिला. म्हणजे जिन्याचा हा टीचभर देव आपली पायरी राखून होता. चुलीतला आपल्या शिव्यांची वाट पाहत होता. देव नाहीत असं नव्हतं, तसं असतं तर एक वेळ परवडलं असतं. देव होते, ठावदेवही होता. त्याला फक्त डोळेकऱ्यांच्या बघण्याची गरज नव्हती.

वर सून नडगीला हळद लावत होती आणि एकीकडे बोलत होती. तीन दिवसांवर नातीला बसवायचं होतं. डोळेकऱ्याच्या घरातलं एक पोर नऊ वर्षांचं झालं, की त्याला तिवईवर बसवत. सुरुवातीला रोज अर्धा तास, मग एक, मग दोन, आणि आजोबाचे किंवा आजीचे डोळे पुरते थकले की सगळी पाळी त्याची. ती जन्माची. म्हाताऱ्याचा मुलगा परगावी पुलाच्या कामावर होता. त्याच्या डाव्या डोळ्यात लहानपणापासून फूल, म्हणून तो सुटला होता. नातीचे डोळे मात्र असे, की रांगायच्या आधीपासून ती ज्याच्या-त्याच्याकडे टक लावून पाही. तिला घरीदारी टकमक हेच नाव पडलं होतं. सुनेनं तिच्यासाठी करड्या रंगाचा अंगरखा शिवला होता. शेजारच्या काकू बघून गेल्या, म्हणाल्या, पोरीनं घराण्याचं नाव राखलं, हे सांगताना सुनेचा आवाज भरून आला. टकमक समोर बसून जेवत होती आणि डोळे आलटून-पालटून मिटायचा सराव करत होती; तोंडात घास, एक गाल फुगलेला, एक डोळा बंद. सून हसून म्हणाली, की बाबा, बघा तरी तिच्याकडे, अगदी तुमच्यावर गेली आहे. म्हाताऱ्यानं पाहिलं. 

एकोणीस वर्षांपूर्वीची सकाळ. बाहेर वारा होता, खोलीच्या झरोक्याची झडप आपटत होती. तो तिवईवर होता. मागे पावलं वाजली, जड, थोडी फरपटत येणारी. ती मुकादमीणबाईंची, हे त्यानं न वळता ओळखलं. डोळेकऱ्यांच्या पाळ्या लावणं आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणं हे बाईंचं काम. त्या खोलीत कोणी बोलत नसे, पण त्या दिवशी त्या बोलल्या. त्याच्या मानेमागे उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, की घरून निरोप आलाय, बायकोचा श्वास लागलाय, बदलीच्या माणसाला बोलवायला पाठवलंय, तो येईपर्यंत उठू नकोस. तो उठला नाही. बदलीचा माणूस दोन तासांनी आला. ते दोन तास त्याला अजून लख्ख आठवत, पण त्यांत बायको नव्हती. देवाच्या अंगावरून सरकणारं राखाडी, झडपेचा आवाज, आणि उजव्या खांद्यावरची, हात पडण्याआधीची, उघडी जागा. घरी गेला तेव्हा तिला चादर घातलेली होती. चादर बाजूला करून त्यानं पाहिलं. डावा डोळा मिटला, उजवा उघडा राहिला. उजवा मिटला, डावा उघडा राहिला. रडायला दोन्ही डोळे एकदम मिटावे लागतात, ते त्याला जमेना. शेजारीपाजारी म्हणाले, धीराचा माणूस. त्यालाही पुढे तसंच वाटू लागलं. संध्याकाळी गॅलरीत उभं राहून तो समोरच्या घरांकडे पाही. माणसं कामावरून परतत, दारं उघडत, आणि ज्याच्या-त्याच्या दारामागे ज्याची-त्याची माणसं निघत. तो मनाशी म्हणे, हे मी त्या सकाळी उठलो नाही म्हणून. एकोणीस वर्षं या एका वाक्याला टेकून तो जेवला होता, झोपला होता, कामावर गेला होता. आता टेकायला गेलं की पाठीमागे काही लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर तो मुकादमीणबाईंकडे गेला. त्या दिवशी घड्याळ वेळेच्या आधी आला होता आणि त्याचा हात म्हाताऱ्याच्या खांद्यावर इतका जोरात पडला, की दोघेही दचकले. पण घड्याळ कालच्याबद्दल काही बोलला नाही, पुढेही कधी बोलला नाही. बाई आता सत्तरीच्या होत्या. कोठीच्या खोलीत बसून त्या डोळ्यांवर ठेवायच्या कापडाच्या घड्या धुवून पिळत होत्या. म्हाताऱ्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. हात पडल्याचं सांगितलं, गाठीचं सांगितलं, घड्याळचं.  बाईंनी एक घडी झटकून दोरीवर टाकली.

"किती वेळ?"

"पाव तास."

"माझा दीड तास होता," बाई म्हणाल्या.

मग त्या सांगू लागल्या, काल भाजी काय केली ते सांगावं अशा आवाजात. त्या वर्षी खोलीला चुना लावायचं काम चाललं होतं, सगळीकडे चादरी टाकलेल्या, तिवई जागची हललेली, झरोका झाकलेला. त्या मागून आल्या, टेकल्या, नजर लावली, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दीड तास एका राखाडी चादरीखालच्या चुन्याच्या गोणीकडे एकनिष्ठेनं पाहत राहिल्या. गवंडी गोणी उचलायला आला तेव्हा कळलं. "माझ्या आधीचा कुणाकडे बघत होता, हे मी त्याला कधी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर हसू येऊ घातलं होतं, ते आलं नाही. आणि मग त्यांनी हेही सांगितलं, की फार वर्षं बसलेल्या प्रत्येकाचं असं काही ना काही असतं. कोणी येऊन सांगतं, बहुतेक सांगत नाहीत. चेहऱ्यावरून कळतं. नंतर ते आधीपेक्षा जास्त नीट बसतात.

म्हाताऱ्यानं विचारलं, की हे गोणीचं कधीचं. बाईंनी थोडा विचार करून सांगितलं, सव्वीस वर्षं झाली असतील. एकोणीस आणि सव्वीस. म्हाताऱ्याला हिशेब करावा लागला नाही. दोरीवरच्या घडीतून पाणी ठिबकत होतं.

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "माझ्या मागे उभ्या राहून बोललात तेव्हा."

"होतं."

 बाई घडी पिळत राहिल्या, पाणी संपलं तरी पिळत राहिल्या.

"माझी आई गेली तेव्हा मी उठले नव्हते," त्या म्हणाल्या. "ते गोणीच्या आधीचं. नंतर तुझ्यावर वेळ आली, आणि माझ्या मनात आलं, मी बसले, मग हा का उठेल? एवढंच रे. याहून मोठं कारण असतं तर तुला सांगितलं असतं."

त्याला वाटलं होतं, आपण ओरडू, निदान भांडं तरी आपटू. त्याऐवजी त्याच्या लक्षात आलं, की बाईंचा एक डोळा मिटतो आहे आणि दुसरा उघडा आहे; वीस वर्षांत तिवईवर न बसलेल्या बाईंचे डोळे अजून पाळी करत होते. तो कसाबसा म्हणाला, की माझ्या नातीचं नाव काढून टाका. बाई म्हणाल्या, की काढते, तू सगळ्यांसमोर सांग, मी आड येणार नाही. फक्त कारण सांगावं लागेल. आणि कारण सांगितलंस, की एकेक जण आपापलं सांगायला लागेल. मग त्या तिवईपायी ज्यांची माणसं गेली, ज्यांची लग्नं मोडली, ज्यांची पोरं बापाची पाठ बघत वाढली, त्यांनी जाऊन बसायचं कुठे, तेवढं त्यांना सांगशील. हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. त्यांना खरंच ते माहीत नव्हतं आणि कोणाला माहीत असेल तर हवं होतं.

पुढचा दीड दिवस म्हातारा ते वाक्य जुळवत होता. माझी नात बसणार नाही. चार शब्द. कारण विचारलं तर गप्प राहायचं. मग वाटे, गप्प कसा राहशील, सून रडेल, म्हणेल पोरीत काय खोट काढलीत. आणि पोरीच्या कपाळी जन्मभर शिक्का बसेल. मग वाटे, सांगूनच टाकावं. आणि सांगून टाकलेल्या त्या खोलीत त्याला आपली बायको दिसे, दाराशी उभी. ती काहीच म्हणत नसे, फक्त ऐकत असे, की तो उठला असता तरी चाललं असतं. इथे वाक्य तुटे. आणि मध्येच खांदा जड होई. तो वळून पाही. कोणी नसे. तेहेतीस वर्षं रोज ठरल्या वेळी ज्या जागी हात पडत आला, ती जागा आता हातावाचूनही हात निर्माण करायला शिकली होती, हे त्याला कळत होतं. आणि तरी त्या दिवशीची ऊब अशी खरी होती, की त्याच्या मनात एक किडा वळवळे: आणि तो हात कोणाचा असलाच तर? देवाचाच असला तर? तेहेतीस वर्षांनी त्यालाच वाटलं असेल, आता हा म्हातारा उठला तर बरं, निदान पाव तास तरी कोणी आपल्याकडे पाहू नये. हे तर त्याहून वाईट होतं. मग एकोणीस वर्षांपूर्वी त्यानं का नाही ठेवला हात?

बसवण्याच्या आदल्या दिवशी सून पाण्याला गेली होती. टकमक खिडकीत बसून समोरच्या छपरावरच्या पत्र्याला नजर लावून होती. म्हातारा तिच्या मागे जाऊन उभा राहिला. तिनं वळून पाहिलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीची ती ताठ मान, मागचे दोन सैल केस, आणि कानामागचा घाम. अर्धा जन्म आपण सगळ्यांना असेच दिसलो असू, हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं. आणि तो बोलू लागला. तिच्या पाठीशी बोलणं सोपं गेलं. पाव तासाचं सांगितलं, रस्ते जागेवर होते ते सांगितलं. आजीचं सांगायचं नव्हतं, तेही सांगून झालं. बाईंच्या गोणीचं सांगितलं तेव्हा तिचे खांदे हलले, ती हसली असावी. मग ती वळली.

"मग हात कुणाचा होता?"

"कुणाचाच नाही."

"कुणाचाच नाही, तर तुम्ही का उठलात?"

 टकमक विचार करत राहिली. विचार करताना ती खालचा ओठ आत ओढून घेई, तसा घेतला होता. मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, की मग उद्या मी हात नाही ठेवला तर चालेल का. हाच तो क्षण होता. एक शब्द पुरला असता. म्हाताऱ्याचं तोंड उघडलं, आणि जिन्यावर सुनेची पावलं वाजली, पाण्याच्या घागरीचं तोंड भिंतीला घासलं, तिसरी पायरी सोडून पडलेलं लांब पाऊल ऐकू आलं, आणि तो म्हणाला, "जा, केस विंचरून घे. गुंता झालाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे डोळेकरी गोल खोलीच्या मागच्या भिंतीशी उभे राहिले. म्हातारा तिवईवर होता, समोर ठावदेव. मागे कुजबुज नाही, फक्त कपड्यांची सळसळ. बाईंचं फरपटतं पाऊल, घड्याळचा खोकला, आणि सुनेचा तो नाकातून ओढलेला श्वास, ती रडं आवरते तेव्हाचा. वाक्य तयार होतं. तोंड उघडायला नजर काढावी लागत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. माझी नात बसणार नाही. त्यानं ओठ वेगळे केले. डोळे आपलं काम करत होते, डावा, उजवा, डावा, आणि ते करत असताना बाकीचं सगळं अंग जणू त्यांच्या मागे कुठेतरी दूर उभं होतं, परवानगीची वाट बघत. देवाच्या अंगावर राखाडी उमटत होतं, विरत होतं. त्याला कधीच काही नको होतं. हे इतकं उघड दिसत होतं, की तेहेतीस वर्षं पाहूनही दिसलं कसं नाही, असं वाटावं. मागून छोटी पावलं निघाली. अनवाणी, एकेक टाच टेकवत येणारी. म्हाताऱ्यानं मनातल्या मनात म्हटलं, आता बोल. आता. पावलं तिवईशी येऊन थांबली. त्याचा खांदा आधीच कोमट होऊ लागला होता, आधी बोटं, मग तळवा. हा तिचा हात की नुसताच हात, हे त्याला कळेना, आणि ज्याला हे कळत नाही त्यानं तोंड उघडून काय सांगायचं, असं म्हणून त्यानं ओठ मिटले. सगळं संपलं होतं. आता फक्त सरकायचं आणि उठायचं.

पण तिवईचा अर्धा भाग रिकामाच राहिला. पावलं पुन्हा वाजली, बाजूनं पुढे गेली. तिवई आणि देव यांच्यामधल्या फरशीवर कोणी कधी पाऊल टाकत नसे. झाडतानासुद्धा लांब दांड्याचा झाडू कडेनं फिरवत. त्या फरशीवर करड्या अंगरख्यातली टकमक येऊन उभी राहिली. देव तिच्या आड गेला. म्हातारा सवयीनं डावीकडे झुकला, तिच्या कानाशेजारून पलीकडे पाहायला. ती तिकडे सरकली. तो उजवीकडे झुकला, ती उजवीकडे आली. मागे कोणीतरी जोरात श्वास ओढला, आणि सुनेनं दबक्या आवाजात तिला हाक मारली. टकमकनं तिकडे लक्ष दिलं नाही. ती आणखी एक पाऊल जवळ आली, इतकी जवळ, की आजोबांना तिच्याखेरीज काही दिसू नये. आणि देवाकडे पाठ करून, खालचा ओठ आत ओढून घेऊन, ती आजोबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.